तीसपैकी शून्य

आमच्या घरात आजवर कुणीही नापास झालेलं नाही. मी झालोय, दोनदा, पण ते मोजत नाहीत. बाबा छत्तीस वर्षं शाळेत होते, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. वहिनी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. दादा परीक्षा मंडळात नोकरीला आहे आणि निकालाच्या दिवसांत घरी फक्त आंघोळीला येतो. मी कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान चालवतो, म्हणजे शिक्षणाशी माझाही संबंध आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो.

अशा घरात आठ वर्षांपूर्वी माझी पुतणी जन्माला आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. यात तिचा दोष नाही. तिला एक्झिमा आहे. कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेवर, म्हणजे जिथे जिथे माणूस दुमडतो तिथे तिथे तिची कातडी लाल होते, सुकते, भेगाळते, कधी कधी त्यातून पाणी येतं. आणि खाज. ती खाज शाळेला सुट्टी असली तरी सुट्टी घेत नाही.

आम्ही काय करतो? आम्ही "हात!" म्हणतो.

भिंगरीचा हात मानेकडे निघाला की घरातलं जे कुणी जवळ असेल ते ओरडतं, "हात!" एका रविवारी सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत मी मोजले. चौऱ्याण्णव. त्यातले अकरा माझे होते. एकदा तर ती नुसती केस मागे घेत होती, तरी तीन खोल्यांतून एकदम "हात!" आला. शेजारच्या काकूही भिंतीपलीकडून म्हणतात. त्यांना तर ती दिसतसुद्धा नाही.

शाळेत वेगळीच तऱ्हा. रांगेत हात धरून चालायचं असतं, तर हिची जोडीदार हिची बाही धरते, तीही दोन बोटांनी, ओलं फडकं धरावं तशी. हा रोग संसर्गजन्य नाही, असं वहिनीने वर्गशिक्षिकेला लेखी कळवलं. बाईंनी पत्र वाचलं, "अगदी बरोबर" म्हणाल्या आणि भिंगरीला खिडकीजवळ एकटीचा बाक दिला. म्हणे तिथे हवा चांगली येते.

मलमं सगळी लावून झाली. शेवटी त्वचेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या की आता एक नवीन इंजेक्शन आहे, ते सुरू करता येईल का बघू. एवढं बोलून त्यांना आतून बोलावणं आलं. पुढचं काउंटरवरच्या नर्सने सांगितलं. तिने एक कागद दिला. दहा प्रश्न. गेल्या आठवड्यात खाज किती आली, झोप मोडली का, खेळताना अडचण आली का, कुणी चिडवलं का, असे. प्रत्येकापुढे चार चौकोन: खूपच, बऱ्यापैकी, थोडं, अजिबात नाही.

"पुढच्या मंगळवारी भरून आणा. मुलीला स्वतःला भरू द्या," नर्स म्हणाली. "इंजेक्शन द्यायचं की नाही ते यावरूनच ठरतं."

बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. त्यांचे डोळे चमकले. निवृत्त झाल्यापासून मी ते तसे चमकलेले बघितले नव्हते.

"प्रवेश परीक्षा आहे," ते रिक्षात म्हणाले.

"बाबा, परीक्षा नसेल हो," मी म्हणालो. "त्रास किती होतो ते विचारताहेत."

"अरे गाढवा, एवढं भारी औषध ते रडक्या पोरीला देतील का? जी समंजस आहे, सोसणारी आहे, तिला देणार. सरळ आहे."

मला शंका आली होती, हे मी इथे नोंदवून ठेवतो. पण दोनदा नापास झालेल्या माणसाच्या शंकेला आमच्याकडे किंमत नाही. मी दुकानात जाऊन त्या कागदाच्या पंचवीस प्रती काढल्या. सराव पेपर. पाठपोट.

रोज संध्याकाळी पाच वाजता डायनिंग टेबलवर परीक्षा भरायची.

"प्रश्न दुसरा," बाबा वाचायचे. "खाजेमुळे झोप मोडली का?"

"खूपच," भिंगरी म्हणायची.

"नीट विचार कर."

"बऱ्यापैकी?"

"अजून विचार कर."

"थोडी?"

"शाब्बास! जवळ आलीस."

"आजोबा, पण झोप खरंच मोडते. आईला विचार."

वहिनी कणीक मळता मळता म्हणायची, "मोडते गं राणी, पण पेपरात तसं लिहायचं नसतं. पेपरात नीटनेटकं लिहायचं."

शनिवारपर्यंत भिंगरी इतकी तयार झाली की प्रश्न पुरा व्हायच्या आत "अजिबात नाही" म्हणायची. मी विचारलं, "जेवलीस का?" तरी "अजिबात नाही." आणि हे सगळं म्हणताना तिचा डावा पाय उजव्या पायाच्या मागे घासत असायचा, टेबलाखाली, जिथे परीक्षकाला दिसत नाही.

मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनी रजा काढून, म्हणजे शिकवणीला सुट्टी देऊन. मी दुकान बंद करून, म्हणजे कुणाच्या लक्षात न येता.

डॉक्टरबाईंनी कागद बघितला. मग भिंगरीची मान बघितली. मग परत कागद.

"तीसपैकी शून्य," त्या म्हणाल्या.

बाबा खुर्चीवरून अर्धवट उठले. वहिनीचा चेहरा उतरला. "चुकीच्या उत्तराला मार्क कापतात का?" तिने विचारलं.

"अहो, 'खूपच'ला तीन मार्क असतात. 'अजिबात नाही'ला शून्य. जितका त्रास जास्त तितके मार्क जास्त. इंजेक्शन मंजूर करणारी एक समिती आहे, तिला अठराच्या वर आकडा लागतो." त्यांनी चष्मा काढला. "मी स्वतः हा फॉर्म भरला तर माझे चार येतात. आणि मला एक्झिमा नाही."

"मग दुसरा कागद द्या ना," वहिनी म्हणाली.

"नुसता पेपर अवघड गेला म्हणून दुसरा देता येत नाही. काही गैरप्रकार झाला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा."

सहा महिने. भिंगरी मान खाजवत होती, कर्र, कर्र, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही "हात!" म्हणायचं सुचलं नाही. मला वाटलं टेबलावर डोकं आपटावं, पण त्यावर रुग्णांचे कागद होते.

मी बाबांकडे बघितलं. वहिनीने बघितलं. या माणसाने एकदा शिक्षणाधिकाऱ्यांच्या पोराला चिठ्ठीसकट धरून वर्गाबाहेर काढलं होतं. बाबा सावकाश उभे राहिले, शर्ट खाली ओढला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "या परीक्षेत कॉपी झाली आहे."

"कुणी केली?"

"पुरवली मी. उत्तरं माझी आहेत. परीक्षार्थी निर्दोष आहे." मग माझ्याकडे बोट दाखवून, "झेरॉक्स याने काढल्या."

डॉक्टरबाईंनी हे सगळं गंभीरपणे लिहून घेतलं, झेरॉक्ससकट. मग ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि आम्हाला दरवाजा दाखवला.

आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. दारावरच्या काचेतून भिंगरीची फक्त वेणी दिसत होती. ती मधेच थांबायची, पेन्सिल चावायची, परत लिहायची.

"वेळ ठरलेला असतो का हो?" वहिनीने जाणाऱ्या वॉर्डबॉयला विचारलं. तो लिफ्टबद्दल काहीतरी सांगून गेला.

"मी तिच्याकडून सात दिवस खोटं पाठ करून घेतलं," बाबा भिंतीला म्हणाले. पंचवीस प्रती माझ्याच होत्या, म्हणून मीही भिंतीकडेच बघितलं.

वीस मिनिटांनी आत बोलावलं.

"अठरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वहिनीने डोळे मिटून हुश्श केलं.

"अठराच्या वर लागतो," त्या म्हणाल्या. "अठरा नाही."

एका मार्काने. आमच्या घराण्यात एका मार्काने राहिलेला आत्तापर्यंत मी एकटाच होतो. मला ते पद इतकं कधीच नकोसं झालं नव्हतं.

बाबांनी हात पुढे केला. "पेपर बघू." डॉक्टरबाईंनी का कोण जाणे, दिला. बाबांनी वरून खाली बोट फिरवलं. झोप, खूपच. शाळा, खूपच. घरच्यांचं बोलणं, खूपच. तिथे बोट जरा जास्त थांबलं. मग सातव्या प्रश्नावर आलं: मैत्रिणींच्या घरी जाण्यात अडचण आली का? भिंगरीने खूण केली होती, अजिबात नाही.

"हे कसं काय गं?" बाबांनी विचारलं. आवाज मुख्याध्यापकांचा नव्हता.

"नाहीच आली अडचण," भिंगरी म्हणाली. "मला कुणी बोलावतच नाही. जायचंच नाही तर अडचण कुठून येणार?"

यात चूक काढता येत नव्हती. शेवटी रक्त कुणाचं.

"आणि बोलावलं असतं तर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"गेले असते की. पण त्यांच्या आयांना वाटतं, सोफ्याला लागेल."

"या प्रश्नाला पूर्ण मार्क द्या," बाबा म्हणाले.

अर्ध्या मार्कासाठी रडत आलेल्या पालकांना या माणसाने पाणी पाजून परत पाठवलं होतं. काहींना पाणीही नाही.

"आजोबा, उत्तर तिचं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"उत्तर तिचं बरोबर आहे. प्रश्न चुकीचा आहे. प्रश्न चुकीचा असेल तर मार्क द्यावे लागतात, हा नियम आहे. तुमच्या समितीला मी लेखी देतो. वाटल्यास भेटायला येतो. रोज येतो."

शेवटच्या दोन शब्दांनी काम केलं असावं. डॉक्टरबाईंनी भिंगरीचं सोफ्याचं वाक्य जसंच्या तसं समासात लिहिलं, सातव्या प्रश्नापुढे तीन घातले आणि खाली सही केली. एकवीस.

वहिनी तोंडाला पदर लावून बसली. मीही जरा पंख्याकडे वगैरे बघून घेतलं.

"पुढच्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दुखतं का?" भिंगरीने विचारलं.

आम्हा तिघांची तोंडं एकदम उघडली. तयार उत्तर जिभेवरच होतं. वहिनीने ओठ मिटले, मी मिटले.

"दुखतं," बाबा म्हणाले.

"मग मी रडणार."

"रड."

"मोठ्याने?"

"खूपच," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिचा हात धरला. बाही नाही, हात.