बंद लॉटचा मेल

अप्पारावांनी कागद साहेबरावांच्या टेबलावर आपटला. "हे तुमचंच ना? मंग दाखवा बरं, यात कोणता लॉट बंद हाय असं कुठं लिव्हलंय?"

अप्पाराव म्हणजे आमच्या बियाणे कंपनीचे घनसावंगीचे विक्रेते. कागदावर सोयाबीनच्या अकरा लॉटांचे नंबर होते, सगळे सारखेच काळे. त्यातल्या चार लॉटांची उगवण तपासणीत कमी आली होती, ते विकायचे नव्हते. अप्पारावांनी यादी विक्रीची समजून त्यातल्या बासष्ट बॅगा विकल्या. पेरलं त्यातलं रुपयात चार आणे उगवलं.

"वेबसाईटवर ते चार लाल दिसतात," साहेबराव म्हणाले. "लाल म्हणजे बंद, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मी वेबसाईट कशाला बघू? मला मेल आल्ता. कॅफेवाल्यानं छापून दिला, मी दुकानात लावला. गावातली लोकं आता माझ्या दारात येऊन राह्यलीत."

साहेबराव आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. मालकांच्या मेहुण्याचे साडू, एवढीच त्यांची पात्रता. संगणकावर पत्ते खेळण्यापलीकडे त्यांचा हात चालत नसे. पण वेबसाईटच्या सांगाड्याला म्हणतात तो 'फ्रेमवर्क' हा शब्द त्यांनी मालकांपुढे इतक्यांदा उच्चारला होता, की ते यांनीच घरी बसून विणलंय असं वाटावं. विणलं होतं रामकिसननं. भोकरदनचा हा पोरगेला माणूस तीन वर्षं हंगामी होता. एक जुलैला त्याला कायम करायचं ठरलं होतं, फक्त साहेबरावांची सही राहिली होती. ती झाली की तो जालन्यात खोली घेणार होता आणि बायकोला, शिवकन्याला, आणणार होता. कोणती खोली, तेही त्यानं बघून ठेवलं होतं.

मेलची अक्कल साहेबरावांची. वेबसाईटवरचं यादीचं पान फ्रेमवर्ककडून तसंच्या तसं एचटीएमएल करून घ्यायचं आणि मेलमध्ये भरायचं. रामकिसननं तेव्हाच सांगितलं होतं, माझ्यासमोर.

"साहेब, रंगाचे नियम वेगळ्या फाईलीत हैत. मेलसंगट ती फाईल जात न्हाई. प्रत्येक ओळीला रंग तिथल्या तिथं लावू, आन् पुढं 'विकू नये' असं लिहू. अर्धा दिवस लागंल."

"आपल्याच मालापुढं 'विकू नये'? शोभतं का? पाठव जल्दी."

मग त्यांनी स्वतः तपासणी केली. म्हणजे काय, तर वेबसाईट उघडली, लाल बघितलं आणि मान डोलावली. मेल उघडून बघायची तसदी घेतली नाही. असल्या माणसाच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली.

आता अप्पारावांसमोर ते रामकिसनकडे वळले. "प्रोग्राम कोणी लिहिला?"

"मी."

"मंग चूक कोणाची?"

"साहेब, मी बोललो होतो तुम्हाला. हे बी होते तिथं."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी कायम होतो. खरं बोललो असतो तर फार तर साहेबरावांनी महिनाभर तोंड फिरवलं असतं. तरी मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

साहेबरावांना नावं ठेवतोय खरा, पण त्या खोलीतला सगळ्यात हलका माणूस मी होतो.

दुपारी हुकूम आला. सगळ्या विक्रेत्यांना दुरुस्त यादी पाठवायची आणि खाली दोन ओळी घालायच्या: 'सदर चूक कर्मचारी रामकिसन यांची आहे. त्यांना आजपासून कामावरून कमी करण्यात आले आहे.' मजकूर साहेबरावांनी सांगितला. आणि पाठवायचं कोणी? तर रामकिसननंच, कारण दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. एवढा निर्लज्जपणा करतानाही माणूस पान चघळत होता.

रामकिसन तीन तास बसला. प्रत्येक ओळीला रंग लावला, प्रत्येक बंद लॉटपुढे शब्द लिहिले. आधी स्वतःच्याच चार वेगवेगळ्या मेल-पत्त्यांवर पाठवून उघडून बघितलं.

मला राहवेना. "कशाला जीव तोडून करतोस? जाऊ दे कसाही."

"निम्म्या दुकानांत त्या बॅगा अजून पडून हैत," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "परवापर्यंत पेरतील लोकं."

मेल गेला. मग त्यानं फोन ओढला. अप्पाराव तोवर घनसावंगीला पोचून कॅफेत बसले होते. त्यांचा आवाज मोठा, मला इकडे ऐकू येत होता.

"दिसतंय का बराबर?"

"दिसतंय. चार लाल हैत, पुढं 'विकू नये' लिव्हलंय."

"त्याच्या खाली दोन ओळी हैत. त्या बी वाचता येतात का?"

अप्पाराव त्या दोन ओळी पुटपुटत शेवटपर्यंत वाचून गेले.

"येतात," अप्पाराव म्हणाले.

रामकिसननं बरं म्हणून फोन ठेवला आणि पुढच्या विक्रेत्याचा नंबर लावला.