भित्र्या म्हातारीची होडी

आमच्या हरेशला कॅनू घ्यायची होती. कॅनू म्हणजे होडीच, पण होडी म्हटलं की त्याला कमीपणा वाटतो. ज्याच्या आजाने मिठागरात जन्म काढला, ज्याचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे, तो माणूस होडी निवडायची म्हणून महिनाभर मोबाईलवर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसला होता.

"आये, याच्यात दोन परकार असतात," तो मला शिकवायचा. "सोलो आनि फॅमिली. सोलो म्हंजे एकट्यानं जायचं, डोकं शांत कराया."

रोह्याच्या कंपनीत खुर्चीवर बसून पंपाची बटणं दाबणाऱ्याचं डोकं एवढं कशानं तापतं, ते मी विचारलं नाही. कारण होडी मलाही हवी होती, आणि ती फिरायला नको होती.

आमचं भाताचं शेत पाच वर्षं खाऱ्या पाण्याखाली आहे. खाडीच्या बाजूचा बांध फुटला. त्याला आम्ही खांड गेली असं म्हणतो. पूर्वी खांड गेली की गावात हाळी व्हायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर हजर व्हायचा. पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची, मग कुणाची भाकरी चुलीवर असो की ताटात. पाच वर्षांपूर्वी हाळी झाली तेव्हा आम्ही म्हाताऱ्या तेवढ्या आलो. बाकी गावाला शिफ्ट होती. आमच्या हरेशलाही शिफ्ट होती. भरती आली, खांड रुंदावली, आणि जिथं आम्ही भात झोडत होतो तिथं आता कोळंबी फिरते. गावाने चार दिवस हळहळ केली आणि पगाराच्या तारखेला सगळे विसरले.

आमच्या वाट्याचा बांध अजून उभा आहे, मधलं तेवढं भगदाड पडलंय. पण तिथवर चालत जाता येत नाही, कमरेएवढ्या चिखलात माणूस रुतून बसतो. भरतीच्या पाण्यावरून माती नेता आली तर थोडं थोडं करून भगदाड बुजेल, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. हरेशला सांगितलं असतं तर तो हसला असता. म्हणून मी एवढंच म्हटलं, "माला पन ने रे फिराया."

"मग फॅमिलीवालीच घेऊ," मनस्वी म्हणाली. ही माझी सून. रोह्याकडच्या आतल्या गावातली, वालाच्या शेतांमधली. तिच्या माहेरी पाणी कालव्यातून येतं आणि सांगितलेल्या वाफ्यात मुकाट जातं. खाडीचं पाणी तिला फोटोतच आवडतं.

हरेशचं तोंड उतरलं. त्याला सोलो हवी होती. बायको, पोरगी आणि आई, तिघींना काठावर ठेवून जाण्यात जी शांती असते ती त्याला हवी होती.

रोह्याला कुंडलिकेच्या काठी जितेश नावाच्या माणसाचा कॅम्प होता. धंदा बसला म्हणून तो जुन्या होड्या विकत होता. रविवारी आम्ही सगळी वरात घेऊन गेलो. जितेशने काळा चष्मा कपाळावर चढवला आणि झाडाला आडव्या टेकवून ठेवलेल्या दोन होड्या दाखवल्या. एक लाल, अरुंद, मधोमध एकच बैठक असलेली. दुसरी निळी, रुंद, तीन बैठकांची, उन्हानं पार विटून गेलेली.

हरेश लाल होडीकडे असा धावला की मला लाज वाटली. त्याने तिला हात लावला, मागून फोटो काढला, पुढून फोटो काढला. वाकून बूड बघावं हे काही त्या व्हिडिओत नसावं. मी वाकले आणि बोटाच्या पेरांनी बुडावर ठोकत गेले. पाण्याचा माठ घेतानाही मी असंच करते. एका जागी आवाज बद्द आला. तिथला लाल रंगही जरा जास्तच ताजा होता.

"आजी, ती होडी हाय, मडकं नाय," जितेश हसला. हरेशही हसला. गिऱ्हाईक आणि दुकानदार मिळून मलाच हसत होते.

"हितं काय झालंवतं?" मी विचारलं.

"दगडाला घासली व्हती जरा. पॅच मारलाय. काय नाय होत."

हरेशने मान डोलवली. मग तो नदीत उतरून त्या लाल होडीत बसला. बसला म्हणजे एक पाय आत टाकला, दुसरा टाकेपर्यंत होडी निघून गेली आणि हा गुडघाभर पाण्यात बसता झाला. खाडीकाठचा माणूस! नातीने, किमयाने, टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं बाबा खेळतायत.

हीच वेळ होती. मी पदर तोंडाला लावला आणि म्हटलं, "माला पान्याची लय भीती वाटते रे हरेश. रुंद हाय तीच घे."

बाई कोण, तर डोक्यावर भाताचा भारा घेऊन गळाभर पाण्यातून खाडी ओलांडलेली. हरेश पोटात असताना सातव्या महिन्यातही ओलांडली होती. म्हटलं, आता तरी हा हसेल, म्हणेल, आये, तुला आनि पान्याची भीती? पण नाही. त्याने गंभीर चेहरा केला आणि मनस्वीला म्हणाला, "आयेला भीती वाटते गो. आपन निलीच घेऊ." माझ्याच पोटच्या पोराला ते खरं वाटलं. माझं काम झालं होतं, पण त्याच्याकडे बघून मला जी किळस आली ती आजही गेलेली नाही.

"हिच्यात वजन किती जातं?" मी जितेशला विचारलं.

"तीन मानसं आनि सामान."

"वल्लं सामान चालतं?"

"वल्लं म्हंजे?"

"कपडे," मी म्हटलं. "पोरं भिजतात ना."

निळीचं बूड मी नीट ठोकून बघितलं. ओरखडे पुष्कळ होते, पण आवाज सगळीकडे खणखणीत. बैठकांचे बोल्ट गंजले होते, ते बदलता येतात. सौदा ठरला. होडी घरी न्यायला हमरापूरहून गणपतीच्या मूर्ती वाहणारा टेम्पो केला होता. ड्रायव्हरने सवयीने खाली पेंढा पसरला, बाजूंना गाद्या लावल्या आणि विचारलं, "हिचं तोंड कुठल्या अंगाला?" हरेशला सांगता आलं नाही. तो मोबाईल काढून बघायला लागला.

पुढच्या रविवारी भरतीला पहिली सहल निघाली. मनस्वीने टोपी घातली, किमयाला फुगवलेलं जाकीट घालून मांडीवर घेतलं, डब्यात सॅंडविच. हरेश मागे बसून वल्हं मारत होता आणि होडी डावीकडेच जात होती. तसेच आम्ही आमच्या शेतावरून गेलो. माझ्या पायाखाली होडीचं बूड, त्याखाली पाणी आणि त्याखाली माझी लावणी केलेली जमीन. दोन पिढ्यांनी मीठ धुऊन धुऊन ती गोडी केली होती.

"आजी, हे तलं कोनाचं?" किमयाने विचारलं.

"आपलंच," मनस्वी म्हणाली आणि तिने बगळ्याचा फोटो काढला.

"तलं नाय ते. शेत हाय," मी म्हटलं. माझा आवाज चढला तशी पोरगी आईला बिलगली.

मग हरेश बोलला. बहुतेक बरेच दिवस त्याच्या मनात होतं. "आये, खरं सांगू? हाय तसंच बरं हाय. रस्त्याच्या कडंला चार तंबू टाकले, आनखी दोन कॅनू घेतल्या, तर मुंबईची मानसं येतील. शेतीत काय ठेवलंय? भात काय, दुकानात मिलतो."

भगदाड समोर दिसत होतं. मी बोट केलं. "ती खांड बुजवायची हाय. या होडीतनं माती नेऊन. त्याच्यासाठी घेतली मी ही. तू येशील?"

वल्हं थांबलं. त्याने मनस्वीकडे पाहिलं, मनस्वीने त्याच्याकडे. वेड्या माणसासमोर शहाणी माणसं करतात तशी त्यांची नजरानजर झाली. "आये, ते काय एकट्या-दुकट्याचं काम हाय व्हय?" तो म्हणाला. हे मात्र त्याने बरोबर सांगितलं. गावाच्या कामाला गाव आलं नाही म्हणूनच तर ते एकट्याचं झालं.

सोमवारी भरतीला मी होडीत मातीची घमेली चढवली आणि एकटीच निघाले. हरेश काठावर धावत आला. "आये! उतर! ती फॅमिलीची हाय, एकट्यानं जायची नाय!"

"फॅमिलीला बोलावलंवतं," मी म्हटलं. "नाय आली."

होडी माझ्या हाताखाली सरळ गेली. भगदाडाच्या कडेला उतरले, माती टाकली, पायाने तुडवली. पाण्याने अर्धी नेली. दुसऱ्या दिवशी परत गेले, मधे बांबू रोवले. रोज जात राहिले. रस्त्यावरून लोक बघायचे. हाळी झाली तेव्हा ज्यांना वेळ नव्हता त्यांना आता थांबून बघायला भरपूर वेळ होता.

एके सकाळी हरेश मोबाईल नाचवत आला. त्याने लपून माझा व्हिडिओ काढला होता. खाली गाणं लावलं होतं. "आये, हजारो लोकांनी बघितला! लिवलंय बघ, या माउलीला सलाम."

"मग येतात काय?"

"कोन?"

"सलाम करनारे."

तो हसला. मी त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं, "आनि तू?"

त्याने घड्याळ बघितलं. कासू स्टेशनात रोह्याची गाडी यायची वेळ झाली होती. कंपनीचा शर्ट अंगात, पायात बूट. जाता जाता त्याला काय वाटलं कोण जाणे, काठावरचं एक घमेलं त्याने उचललं, शर्टाला माती लागू नये म्हणून दोन्ही हात लांब ताणून धरलं आणि होडीत ठेवलं. मग रुमालाने बोटं पुसली आणि स्टेशनकडे पळाला.

पाच वर्षांत माझ्या मुलाने या बांधासाठी उचललेलं ते एक घमेलं. मी वल्हं मारत निघाले आणि मला आनंद झाला. खरंच झाला, डोळे भरून आले. एवढ्याशाने खूष होणाऱ्या स्वतःची मला जेवढी चीड आली तेवढी हरेशची कधी आली नव्हती. भगदाडाशी पोचल्यावर मी त्याचं घमेलं आधी रिकामं केलं, माती पायाने दाबून बसवली आणि बाकीची उतरवायला वळले.