तारोडीतलं वीजबंधन

अंबिकाताईंच्या अंगणात सगळी आळी लोटली होती. मधोमध भगव्या कफनीतले गगननाथ महाराज, हातात वायरलेसची काळी वायर. ही वायर छपरावरच्या अँटेनाची. अँटेना उंच बांबूला बांधलेला, आणि वायर एरवी खिडकीतून आत सेटला जोडलेली असते. त्या सेटवर इथल्या बायका समुद्रातल्या आपल्या माणसांशी बोलतात. ऑक्टोबर होता, लांब समुद्रावर ढग चढत होते.

महाराजांनी वायरच्या टोकाशी एक ओली किल्ली नेली. चट्! निळी ठिणगी उडाली आणि बायकांचे हात जोडले गेले.

"देखा? बिजलीमाता इथंच ठाण मांडून बसलीय! मी तिला बांधतो. ठाण्यात बांधली, तेव्हापासून तिकडे साधं कडाडलंसुद्धा नाही!"

ठाण्याला जाऊन विचारतंय कोण!

महाराजांनी अँटेनाच्या बुडाला काळा दोरा बांधून खाली आणला, त्याचं टोक लिंबात खुपसलं, लिंबू ओल्या वाळूत पुरलं. 'ॐ कडकड फट्' झालं. किल्ली पुन्हा वायरजवळ. ठिणगी गायब! जयजयकार झाला. महाराज पैशाला शिवत नाहीत, फक्त टोपलीभर पापलेट घेतात.

"आता वायर सेटला जोडा, आणि काढायची नाही," जाता जाता त्यांनी बजावलं. "काढली की बंधन तुटलं."

मी दाराशी टेकून उभा होतो. भाईंदरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, आणि आता कुठे बाबा उगवला की लोक मला बोलावतात. खरं सांगतो, कंटाळा आलाय. एकाला उघडा पाडावा तर दुसरा तयार. पण ही शेवटची आज्ञा ऐकली आणि मी पुढे झालो. ढग दिसले की सेटची वायर काढून खिडकीबाहेर टाकायची, ही इथल्या बायकांची जुनी सवय. ती शहाणी सवयच हा माणूस मोडून निघाला होता.

"ताई, मासे कापायची सुरी द्या."

मी दोरा खरवडला. आतून केसासारखी बारीक तांब्याची तार चमकली.

"सिद्ध धातू आहे तो!" महाराज ओरडले.

"भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो. ढग आले की उंचावरच्या तारेत थोडा थोडा विद्युतभार साठतो. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना झटका बसतो, तसाच. या तारेनं तो ओल्या वाळूत उतरवला. मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या, ठिणगी जाणारच."

लोक कुजबुजले. अंबिकाताई मात्र माझ्यावरच उखडल्या. "मंग काम तर झालं ना! तार तर तार. तुमाला काय तरास हाय?"

प्रश्न रास्त होता.

"ठिणगी गेली, वीज नाही. खरी वीज पडली तर ही तार वाफ होऊन उडेल आणि वीज वायरवरून घरात शिरेल. जाड तांब्याची पट्टी हवी, घराबाहेरून सरळ खाली, जमिनीत खोल ठोकलेल्या सळईपर्यंत. ती घराच्या अर्थिंगलाही जोडलेली हवी. वायर घरात शिरते तिथं वीजरोधक, म्हणजे आलेला झटका जमिनीकडे वळवणारं उपकरण, हवं. ते सगळं करूनही ढग जवळ यायच्या आधी वायर काढायचीच."

"आनि माझा नवरा भाईर दर्यात हाय त्याचं?" त्यांचा आवाज फुटला. "वायर काढली तर त्याची हाक कोन आयकनार? बाबा म्हनला, बसून रहा सेटजवल."

आता मला कळलं, बाबानं काय विकलं होतं: वादळातही सेटजवळ बसून राहायची मुभा. लांबून पहिला गडगडाट आला. गर्दी पांगली, पापलेटची टोपली उचलून महाराजही पसार झाले.

"ताई, ढग अजून लांब आहेत, काय ते आत्ताच सांगा आणि वायर काढा. ढग डोक्यावर आले की हातही लावायचा नाही. आणि सेट तुमच्या कानाशी असताना वीज आली, तर तुमचे यजमान धर्माजी कुणाला हाक मारणार?"

त्या वळल्या. मग आत जाऊन त्यांनी वायर सेटला जोडली आणि माइक उचलला. "आयकता का? मी वायर काढते. तुमी पन काढा. ढग गेलं की बोलू."

खरखरीतून आवाज आला, "बाबा बांधनार होता ना?"

"न्हाय बांधलं. कोनालाच बांधता येत न्हाय."

वायर खिडकीबाहेर पडली. अंबिकाताई सेटपासून लांब, भिंतीशी बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. "आता काय करू?"

"थांबायचं," मी म्हणालो.

बाहेर आभाळ फाटल्यासारखं कडाडत होतं. वाचकहो, ही वाट बघणं कुणालाच नको असतं, म्हणून बाबांचं फावतं. धर्माजी परत येतील, असं वचन विज्ञान देत नाही. ते आले तर घरी बायको जिवंत असावी, एवढंच बघतं. वायर काढा, आणि थांबा.