कोरेगावचा गोल ओव्हन आणि खचलेला केक

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियमचा, विजेवर चालणारा गोल ओव्हन आहे. कोरेगावातल्या एका माळ्यावर पडून आहे. माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

१९७४ साली सुभेदार हंबीररावांनी मला फौजेच्या कँटीनमधून आणले, पत्नी शालूबाईंसाठी. रजा संपवून ते परत गेले आणि मी त्यांच्या आईच्या, रंगूबाईंच्या तावडीत सापडलो. चूल सोडून आणखी कशात काही भाजता येते, हेच त्यांना मान्य नव्हते.

केकची कृती फौजेतल्या एका साहेबांच्या पत्नीने लिहून दिली होती. तिच्यात अंडी होती. देवघराशेजारी अंडे येणार नाही, असे रंगूबाईंनी बजावले. शालूबाईंनी अंडी गाळली, पण त्यांच्या जागी काहीच घातले नाही. पहिला केक विटेसारखा झाला. पुढचे दोन मधोमध खचले. शिव्या मात्र मलाच.

"ह्यो डबाच खोटा हाय," रंगूबाई म्हणाल्या. "आता आणिक एक बिघडला, की म्हशीला आंबोण घालायला घेनार."

शालूबाईंनी गल्लीतल्या बेकरीवाल्या जैनुद्दीनभाईंच्या पत्नीला, अख्तरबींना बोलावले. त्यांनी खचलेला केक मोडून पाहिला.

"अंडं न्हाई तर आंबट दही घाला. सोडा घातला की पीठ लगेच भाजायला ठेवा, ते वाट बघत न्हाई. सांजच्याला विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की लाईट मंद होती, तवा दुपारीच भाजा. पर हा मधी बसलाय, म्हंजे भाजताना कुणीतरी झाकण उघडलंय."

शालूबाईंनी सासूकडे पाहिले. माझ्या झाकणाला काच होती, पण रंगूबाईंचा काचेवर विश्वास नव्हता.

"माझ्याच घरात माझ्यावर आळ घेतीस?"

"आळ न्हाई. केकात दिसलं ते सांगितलं," अख्तरबी म्हणाल्या आणि चहा न घेताच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालूबाईंनी मला आधी रिकामे तापवले. चिमूटभर मैदा टाकून पाहिला. तो हळूहळू बदामी झाला, तेव्हाच दह्यात कालवलेल्या पिठात सोडा घालून भांडे आत ठेवले आणि माझ्यासमोर पाट टाकून बसल्या. थोड्या वेळाने रंगूबाईंचा हात आलाच.

"आत्याबाई, हात मागं घ्या."

नऊ वर्षांच्या संसारात त्यांनी सासूला प्रथमच अडवले होते. रंगूबाई जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांनी झाकणही उघडले नाही. केक फुगला. आत घातलेली काडी कोरडी निघाली. रंगूबाईंनी त्या केकचा तुकडाही तोंडात घातला नाही आणि दिवाळीपर्यंत सुनेशी बोलल्या नाहीत. शालूबाईंनीही मनधरणी केली नाही. दर गुरुवारी केक भाजत राहिल्या.

पुढे माझी तापणारी तार तुटली. ती बदलायला एक दुपार पुरली असती. ती दुपार मला कोणी दिली नाही.

मित्रांनो, पदार्थ बिघडला तर भांड्याला नावे ठेवण्याआधी माप, आच आणि स्वतःचा उतावळा हात तपासा. आणि जमले तर माझी तार बदला. तापायचे मी अजून विसरलेलो नाही.