पुलाच्या तोंडाशी गाडी

साठी आली तरी हेडली पास्कने कुणावर हात उचलला नव्हता. चुना-मातीशिवाय नुसत्या दगडांच्या भिंती रचणारा माणूस. राग आला की दगड फोडायचा. त्या रविवारी दगडावर भागलं नाही.

सकाळी दव गोठून सगळं गाव पांढरंफेक पडलं होतं. असं झालं की शहरातली माणसं गाड्या भरभरून येतात. ओढा बघायचा, गवताची छपरं बघायची, लोकांच्या खिडक्यांत डोकावायचं, पबमध्ये भाजलेलं कोकरू हाणायचं आणि अंधाराआधी घर गाठायचं. गावात बारमाही चूल पेटणारी घरं उरली होती नऊ. बाकीची घरं ह्याच लोकांनी सुट्टीसाठी घेऊन कुलुपं घातलेली.

दीड वाजता हेडलीची बायको एव्हरिल बटाटे सोलता सोलता खाली बसली. ओठ निळे पडलेले.

"छातीवर कुणी बसलंय रे."

त्याने फोन केला. वीस मिनिटांत रुग्णवाहिका येते म्हणाले.

"येईल कशी? रविवारी पूल अडवून ठेवतात मेले," ती म्हणाली. "माझं तोंड काय बघत बसलास? जा, वाट मोकळी कर."

तो कमरेच्या पट्ट्यातला कामाचा हातोडा तसाच ठेवून अर्धा मैल उतार धावला. पुलाच्या तोंडाशी राखाडी, घराएवढी गाडी आडवी लावलेली होती. माणूस कुठे? पबमध्ये. आणि पबच्या दारात टेबलासाठी रांग.

हेडली रांगेत उभा राहिला.

हो, उभा राहिला. बायको तिकडे श्वासासाठी तडफडतेय आणि हा लाल टोपीवालीच्या मागे नंबर लावून, हात चोळत! आईने मारून शिकवलेलं अंगात मुरलं होतं : मध्ये घुसायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. दोनदा खाकरला. लाल टोपीवाली वळून हसली, "थंडी आहे ना?"

"आहे खरी," हेडली म्हणाला.

अकरा मिनिटं. मग पुलापलीकडून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला आणि तिथेच अडला.

तेव्हा तो लोकांना ढकलत आत घुसला. "राखाडी गाडी कुणाची?"

शेकोटीजवळच्या एकाने काटा वर केला. डेमियन म्हणत होते त्याला. "माझी. पाच मिनिटं हां, आजोबा. आत्ताच गरम वाढलंय."

"माझी बायको मरतेय."

"अहो, ओरडताय कशाला? मुलं आहेत इथे."

हेडलीने हातोडा ताटात घातला. चिनी मातीच्या ठिकऱ्या आणि मांसाचा रस्सा छताला उडाला. डेमियनने पेला उचलून त्याच्या भुवईवर फोडला. डोळ्यात रक्त उतरलं. हेडलीने आंधळ्यासारखी त्याची मान धरली, चाळीस वर्षं दगड उचललेल्या पंजाने, आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. नाक मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. डेमियनच्या मित्राने मागून बरगडीत लाथ घातली. हेडलीने वळून हातोड्याच्या दांड्याने त्याचा गुडघा फोडला. रांगेतलं एकही माणूस हललं नाही. आपली जागा कोण सोडणार?

खिशातून किल्ली ओढताना डेमियनचा खिसा फाटून हातात आला.

हेडलीने ती गाडी सुरू केली आणि सरळ ओढ्यात घातली. वाटेत त्याने स्वतः रचलेली भिंत होती. तीही गेली. गळ्यापर्यंत भिजून गारठलेला तो गाडीची काच फोडून बाहेर आला तेव्हा रुग्णवाहिका पूल ओलांडत होती. तो तिच्यामागे चढ धावला. रक्त ओठांवर येत होतं, ते थुंकत धावला.

दारात रुग्णवाहिकेची बाई उभी होती. आत तिचे सोबती हृदयाचं यंत्र बंद करत होते.

"थोडं आधी पोचलो असतो तर..." ती म्हणाली आणि थांबली. तिने बोलायला नको होतं.

एव्हरिल फरशीवर होती, अंगावरचा कपडा कापलेला. हेडलीने आपला ओला कोट काढला, मग ती भिजेल म्हणून बाजूला टाकला आणि टेबलावरची चादर ओढून तिच्यावर घातली. बटाटे घरंगळले.

तासाभराने पोलीस शिपाई आला, गावाबाहेरचा, कोवळा. बेड्या घालताना म्हणाला, "साहेब, त्या माणसाचा चेहरा उरलेला नाही. कशासाठी केलंत हे?"

"उशिरा केलं," हेडली म्हणाला. "पबच्या दारातच करायला हवं होतं."