गोड बोलण्याचा गृहपाठ

मी डहाणूहून रोज झरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाते. माझा आवाज हायवेपर्यंत ऐकू येतो, असं हेडमास्तर म्हणतात. म्हणू देत.

सोमवारी आठवीला क्रियापदं शिकवली. पॅम्पर म्हणजे लाड करणे, कोक्स म्हणजे लाडीगोडी लावून एखाद्याला राजी करणे. एकालाही वाक्य जमेना. शेवटी मी ओरडले, "घरी जा आणि आईबापाशी गोड बोलून दाखवा! हाच गृहपाठ!"

मंगळवारी सकाळी फाटकात पालक उभे. सगळ्यांच्या पुढे आठवीतल्या नवशीचे वडील, काळ्याभाऊ.

"बाई, पोरगी काल माझे पाय चेपत बसली. गोड गोड बोलत होती. कसली सही पाहिजे?"

"सही नको हो."

"आमच्याकडं गोड बोलणारा येतो तो मतासाठी, नाहीतर जमिनीसाठी. मतं तर देऊन झाली. जमीन द्यायची नाही."

मी जमेल तितक्या हळू आवाजात समजावलं. खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला. चहाचा ट्रे पाहताच सगळे मागे सरले. काळ्याभाऊंनी तर अंगठा मुठीत लपवला.

मग माझं डोकं फिरलं. "अहो, इंग्रजीचा गृहपाठ होता तो! किती वेळा सांगू? बसा खाली आणि मुकाट्याने चहा प्या, निवतोय!"

काळ्याभाऊंचा चेहरा एकदम सैल झाला.

"हां, आता कसं बोललात," म्हणत त्यांनी मूठ उघडली आणि कप उचलला.