टॅब तापला तेव्हा

लाँच दोघा भावांची, पण सुकाणू एकट्या दादाचं. धाकट्याने इंजिन बघायचं, दोर टाकायचे, उतारूंच्या बॅगा चढवायच्या आणि तोंड मिटून राहायचं. यातलं शेवटचं काम त्याला कधीच जमलं नाही. त्याचेही केस आता पिकायला लागले होते, आणि दादा अजून म्हणत होता, "येईल तुझीही पाळी. घाई काय आहे?"

त्यात दादाने टॅब आणला. एके काळी हाच दादा होकायंत्रालासुद्धा नाक मुरडायचा. आता टॅबशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. नकाशा बोटांनी एवढा मोठा करायचा की पडद्यावर लाँच आणि शेजारचा एखादा खडक, एवढंच उरायचं. उजेड पूर्ण वाढवलेला, चार्जर कायम लावलेला, वर पाणी अडवणारं जाड कव्हर. इतकं सगळं अंगावर घेऊन टॅब दुपारी तापणार नाही तर काय? मग त्याच्या पाठीला ओलं फडकं. पोटच्या पोरांच्या तापातही दादाने एवढ्या पट्ट्या ठेवल्या नव्हत्या.

"हे मधेच बंद पडलं म्हणजे?" धाकटा विचारायचा.

"पडत नाही."

"काल लाँच जमिनीवर दाखवत होतं. भर रस्त्यात."

"थोड्या वेळाने जुळतं परत."

दादाचा हा भरवसा एकदा उघडा पडला की सुकाणू आपल्याकडे येणार, हे धाकट्याने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून एका रणरणत्या दुपारी, लाँच उतारूंनी भरलेली असताना, काच पुसायच्या निमित्ताने त्याने ते फडकं उचललं आणि परत ठेवलंच नाही. माणसं बसलेली असताना करायचा हा उद्योग नव्हे. पण हट्टाला पेटलेल्याला कोण सांगणार?

बंदराच्या तोंडाशी टॅब काळा पडला. फार तापलोय, थंड होऊ द्या, अशी एक ओळ आली, मग तीही गेली.

धाकटा केबिनच्या दाराला मजेत टेकला. समोर खडकांची रांग होती आणि तिच्या अलीकडे, खडक ओळखता यावेत म्हणून सोडलेला लाल बोया तरंगत होता, चांगला पिंपाएवढा.

"चल दादा, आता जुन्या पद्धतीने. बोया डावीकडे ठेव आणि वळव."

दादा वळवेना. त्याने मान तिरकी केली, डोळे बारीक केले, काचेला नाक टेकेल इतका पुढे झुकला. लाँच सरळ खडकांकडे निघाली होती.

"दादा, बोया!"

"कुठेय?"

धाकट्याने झेप घेऊन चाक फिरवलं. खडक बाजूने निघून गेले. उतारू आपापल्या गप्पांत होते, कुणाला पत्ताही लागला नाही.

"लांबचं सगळं धुकंच दिसतं," दादा हळूच म्हणाला. "पडद्यावर मोठं केलेलं तेवढं कळतं. डॉक्टर म्हणाला, वाढतच जाणार."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सुकाणू मागितलं असतंस."

"मागितलं असतंच," धाकटा म्हणाला. त्याला दादाचा राग आला होता आणि स्वतःची लाज वाटत होती. "वहिनीला माहीत आहे?"

"तिला कशाला? रोज मला घ्यायला धक्क्यावर येते. तिला वाटतं, मी लांबूनच ओळखतो."

एवढं बोलून दादा चाकापासून बाजूला झाला. इतकी वर्षं मागितलेलं चाक हातात आलं होतं, आणि धाकट्याला ते कुणाला तरी परत देऊन टाकावंसं वाटत होतं.

धक्का जवळ आला. वहिनी आज सावली बघून पार डाव्या टोकाला उभी होती. दादाने सवयीने हात उंच केला आणि नाकासमोर, जिथे कुणीच नव्हतं, तिथे हलवला. हा कुणाला हात करतोय, म्हणून वहिनी तिकडे वळून बघायला लागली.

धाकट्याने इंजिन मंद केलं आणि लाँच हळूहळू डावीकडे वळवत नेली, वहिनी अगदी समोर येईपर्यंत.

"आता कर," तो म्हणाला.